एकोणचाळीस जणांची नावं

अंजना खोब्रागडे यांना पार्सिपनीत येऊन सहा वर्षं झाली, पण बाई अजून कुणाचं ऐकत नाहीत. नागपूरच्या बॉयलर कारखान्यात अठ्ठावीस वर्षं वेल्डिंग केलेली बाई अमेरिकेत नुसत्या पोळ्या लाटत बसेल, असं त्यांच्या मुलाला, प्रफुल्लला वाटलं होतं. तिथंच तो चुकला. गावातल्या हौशी मंडळानं लायब्ररीच्या हॉलसाठी एका जुन्या पाणबुडीची खऱ्या मापाची प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा सांगाडा जोडायला अंजनाबाई पुढे झाल्या. दर शनिवारी ती लोकांना समजावून सांगायचं कामही त्यांनी मागून घेतलं. या देशात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

पाणबुडीचं नाव इंटेलिजंट व्हेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली, माणसांनी हातानं दांडा फिरवून चालवायची. पाणबुड्यानं तळाच्या दारातून बाहेर पडायचं, शत्रूच्या जहाजाखाली सुरुंग लावायचा आणि परत आत यायचं, अशी कल्पना. १८७२ साली नौदलानं चाचणी घेतली, आत पाणी शिरलं, माणसं सुखरूप वर आली आणि नौदलानं तिचा नाद सोडला. पुढे छापून आलं, की हिनं एकोणचाळीस माणसं बुडवली. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

मंडळाचे प्रमुख राजीव सरदेशमुख, सॉफ्टवेअरवाले. त्यांनी तो आकडा इंटरनेटवरून उचलला आणि पाटीवर लाल अक्षरांत रंगवला. अंजनाबाईंनी नातीला, रोशनीला शेजारी बसवून आठवडाभर जुन्या नोंदी धुंडाळल्या. त्या काळचा एकही पुरावा सापडला नाही. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून घ्यायचं, हे त्या लहानपणीच विहारात शिकल्या होत्या.

शिवाय जुनं दुखणं होतं. कारखान्यात त्या पहिल्यांदा टाकीत उतरून वेल्डिंग करून आल्या, तेव्हा आत एक बाई गुदमरून मेली अशी आवई कुणीतरी उठवली. मेलेली बाई कुणी दाखवली नाही, पण पुढे दहा वर्षं एकाही बाईला टाकीत उतरू दिलं नाही. तो राग त्यांच्या मनातून गेलेला नाही, आणि का जावा?

"काकू, इट्स जस्ट अ स्टोरी," राजीव म्हणाले. "मुलांना थ्रिल लागतं. उद्या स्काउटचा ग्रुप येतोय, पाटीवरचं तेवढं वाचा. नाहीतर मला दुसरं कुणी अरेंज करावं लागेल."

"जिवंत वर आलेल्या माणसांना मी टाळ्यांसाठी मारणार नाही," अंजनाबाई म्हणाल्या.

शनिवारी मुलं आली. अंजनाबाईंनी त्यांना आत बसवून दांडा फिरवायला लावला, घाम काढला, आणि मग पाटीपुढे उभं केलं.

"थर्टी नाइन मेन," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "आस्क देअर नेम्स. नोबडी हॅज नेम्स."

मुलांनी वळून राजीवकडे नावं मागितली. राजीवनी घाईनं मुलांना दाराकडे वळवलं.

मुलं गेल्यावर त्यांनी अंजनाबाईंचा बॅज मागून घेतला. "सॉरी काकू. नेक्स्ट सॅटर्डेपासून तुम्ही येऊ नका."

बाईंचे डोळे भरले, ते त्यांनी लपवले नाहीत. पर्स खांद्याला लावून त्या म्हणाल्या, "येणार. लायब्ररी सगळ्यांची आहे. पाटीसमोर उभी राहीन आणि येईल त्याला सांगीन, नावं विचारा."