बंद शेडमधलं इंजिन

इंजिनाचा आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं होतं. पौडच्या दवाखान्यात मी एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होतो. बाहेर श्रावणातला पाऊस झोडपत होता आणि त्या पावसातूनही मागच्या पत्र्याच्या शेडमधलं माझ्या मोटरसायकलचं इंजिन ऐकू येत होतं. दोनतीन तास ते चाललं होतं, शेवटी तर अगदी एकसारखं, न अडखळता. आवाज थांबला तसं मला वाटलं, काम झालं. आता भिवा हात पुसत दारात येईल. पट्टी पुरी झाली, पुढचा रोगी आत आला... आणि मग कंपाउंडर आला. "डॉक्टर, भिवा गाडीपाशी पडलाय. हाक मारली तर ओ देत नाही," एवढंच म्हणाला. इंजिन पेट्रोल संपून थांबलं होतं, हे नंतर कळलं.

त्याला आता सहा आठवडे होतील. या मासिकाच्या पानांवर बहुधा थोरामोठ्यांच्या आठवणी छापून येतात. भिवा तसा कुणी नव्हता. ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका धनगर वस्तीतला तो. घरी मेंढरं आणि आई, ठकूबाई. लढाईत लष्कराच्या खेचरांची निगा राखायला तिकडे इराकात, बसऱ्याला गेला आणि तिथे कुणा गोऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मोटरसायकली दुरुस्त करायला शिकला. अक्षरओळख नव्हती, पण इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगायचा. मी नाडी धरून जेवढं सांगतो त्याहून बरोबर, असं मी गमतीनं म्हणत असे. परत आला तेव्हा इकडे धरणाचं काम चाललं होतं, आणि असा माणूस त्यांना हवाच होता. तो गेला नाही. वस्तीखालची भातखाचरं त्याच धरणात जायची होती. "आईच्या पायाखालची जमीन काढाया मी पाना धरू व्हय?" असं त्यानं मला एकदा विचारलं, आणि पुन्हा मेंढरांमागं गेला. माझी जुनी, लष्करानं मोडीत काढलेली मोटरसायकल बिघडली की तेवढा खाली येई.

यंदा आषाढअखेर त्या गाडीचा सायलेन्सर वाटेतल्या खडकावर आपटून फुटला. तसाच दुसरा पुण्यात मिळेना. लष्कर भागातल्या एका दुकानदारानं जाड, जवळजवळ पोकळ अशी निराळीच नळी गळ्यात मारली. म्हणाला, हिनं गाडीचा जोर वाढतो. भिवानं ती बसवली, इंजिन चालू केलं, आणि मान हलवली. "नळी बदलली म्हंजी हिचा श्वास बदलला, डाक्तर. धूर लवकर भाईर जातोय, तसं पेट्रोल कमी पडतंय. हवा न् पेट्रोल पुन्यांदा जुळवाय लागंल. चार दिस द्या." मला चार दिवस नव्हते. चालतेय ना, मग चालू दे, म्हणून मी गाडी घेऊन गेलो.

त्याच आठवड्यात खोऱ्यातून निरोप आला, एक बाळंतीण रक्त जाऊन निपचित पडली आहे. अर्ध्या चढावर इंजिन तापून लाल झालं, सायलेन्सरमध्ये बार काढायला लागलं आणि बंद पडलं. मी बॅग घेऊन चालत निघालो. पोचलो तेव्हा ती बाई गेली होती. तिच्या नवऱ्यानं मला तांब्याभर पाणी दिलं. परत आल्यावर मी भिवाला नको ते बोललो. आपण आधीच बजावलं होतं, याची त्यानं मला आठवणसुद्धा करून दिली नाही. म्हणाला, "दुरुस्त करतो."

चार दिवस तो दवाखान्यातच राहिला. पेट्रोल ज्यातून येतं त्या पितळी जेटचं सुईएवढं भोक तो केसाकेसानं मोठं करी, गाडी टेकडीवर दामटी, वर गेल्यावर बंद करी आणि प्लग काढून तळहातावर घेऊन येई. प्लग पांढरा असला तर पेट्रोल कमी, काळा असला तर जास्त. "भाकरी भाजल्यावानी तांबूस यायला पायजे," म्हणायचा. तिसऱ्या दिवशी तो रंग आला. राहिलं होतं ते एवढंच, की उभ्या गाडीचं इंजिन मंद गतीवर न विझता चालावं. चौथ्या दिवशी पाऊस आडवा यायला लागला. मॅग्नेटो भिजला तर ठिणगी पडायची नाही, म्हणून उघडीप होईपर्यंत थांबू, असं तो म्हणत होता. खोऱ्यात पटकीचे तीन रोगी होते, मला सकाळी निघायचं होतं. "शेडमध्ये कर, दार लावून घे," मी म्हणालो. वाऱ्यानं दाराखालून पाणी येत होतं, तिथं गोणपाट मीच कोंबलं.

दुपारी तो चहाला आला. कपाळ दाबत होता. "डोकं लई धरलंय. मळमळतंय बी." मी उठलोसुद्धा नाही. पेट्रोलच्या वासानं होतं, म्हणालो, आणि डोकेदुखीची पुडी दिली. "फार राहिलंय का?"

"न्हाई. थोडंच."

पुडी पाण्याबरोबर घेतली आणि तो परत शेडमध्ये गेला. चहा तसाच राहिला.

ठकूबाई संध्याकाळी उतरून आली, चिंब भिजून. आम्ही त्याला ओसरीवर ठेवलं होतं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गालावर लाली हाय की. मेल्या मान्साला आसली लाली आसती व्हय? चोळा त्याला, डाक्तर." ती लाली कशाची हे मला ठाऊक होतं. कोंडलेल्या धुरातला वायू रक्तात भिनला की माणूस मेल्यावरही गुलाबी दिसतो. मी खाली बघून सांगितलं, काळीज बंद पडलं. कागदावरही तेच लिहिलं.

माझ्या या लेखणीचं फळ तिला भोगावं लागलं. धट्टाकट्टा गडी असा बसल्या जागी कसा जाईल? वस्तीवर चर्चा झाली. पोरगा लढाईवरून सुखरूप आला तर देवाला बकरं देईन, असा तिचा नवस होता. त्या वर्षी रोगानं मेंढरं-बकरी मेली म्हणून तो फेडायचा राहिला होता. देवानं पोरगा परत नेला, असं सगळ्यांनी ठरवलं आणि तिलाही ते पटलं. महिनाभरानं कळलं, म्हातारीनं अन्न सोडलंय, नुसत्या पाण्यावर आहे. तेव्हा मी वर गेलो.

झोपडीच्या दाराशी ती भिंतीला टेकून बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दार मी लावायला लावलं. गोणपाट मी कोंबलं. डोकं दुखतंय म्हणाला तेव्हाही मला कळलं नाही. "यात देवाचं काही नाही, ठकूबाई. तुमचंही काही नाही."

तिनं मान वर केली.

"बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठिवून दार लावू नगा, जीव जातोय, आसं आमा बायास्नी सांगत फिरनारं, ते तुमीच न्हवं?"

"मीच."

ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि कवाड लावून घेतलं. मी दिवस मावळेपर्यंत बसलो. मेंढरं आली, शेजारच्या सुनेनं ती वाड्यात घातली. कुणी मला ऊठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. दोन दिवसांनी त्या सुनेकडूनच निरोप आला, की म्हातारीनं भाकरी खाल्ली.

गाडी आता उत्तम चालते. उभी असली तरी विझत नाही, चढावर एकदाही अडखळत नाही. खोऱ्यात जायची वाट त्या वस्तीखालून आहे. आवाज लांबून ऐकू जात असणार, कारण मी वळणावर येतो तेव्हा ठकूबाई बांधावर येऊन उभी असते. मी थांबत नाही, तीही हाक मारत नाही. आवाज पलीकडे जाईपर्यंत ती तिथं उभी असते.