बावखलातलं मीठ

वटारच्या मार्सेलला अख्खी आळी चिकट म्हणायची. मार्गारेट जाऊन दोन वर्षं झाली, तरी बायकोने घातलेल्या सिरक्याची शेवटची बरणी त्याने उघडली नव्हती. नाताळच्या मटणाच्या इंद्यालाला लागणारा सिरकासुद्धा शेजारच्या शर्लीकडून वाटीभर मागून आणायचा.

ती बरणी यंदा उघडली, ती जलपर्णीपायी. वाडीला पाणी देणाऱ्या घरामागच्या तळ्यावर, म्हणजे बावखलावर, तिने गादी अंथरली होती. पंपाच्या तोंडात मुळं अडकायची आणि मार्गारेटचा सोनचाफा तहानलेला राहायचा. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "मृतांच्या स्मरणदिनी माझ्या थडग्यावर बाजारची फुलं आणू नका. आपल्या चाफ्याची आणा."

सिरक्यात मीठ विरघळवून पानांवर फवारायचं, हा उपाय मार्सेलने मोबाईलवर पाहिला. फवारलं. पानं करपली, गडी खूश. पण खालून नवी पालवी फुटली, आणि मार्सेलला धीर कुठला! मिठागरातून पोती आणली आणि सरळ पाण्यात रिकामी केली.

"काका, बावखलाचं लोणचं घालताय?" शर्लीने कुंपणावरून विचारलं.

"माडाच्या बुंध्यात आपण दरवर्षी मीठ घालतो. कुठला माड मेला?"

"माड दणकट हो. चाफा नाजूक, तुमच्या बायकोसारखा."

तो हसला. मार्गारेटला नाजूक म्हणणारं वटारात दुसरं कोणी नव्हतं.

जलपर्णी काळी पडून बुडाली, पंप मोकळा झाला. सगळा उन्हाळा मार्सेलने चाफ्याला पोटभर पाणी पाजलं. पानांच्या कडा जळायला लागल्या, तर ऊन लागतंय म्हणून आणखी पाजलं. शेवटी शर्लीने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. त्या दिवशी तिला थट्टा सुचली नाही.

पावसाने बावखल पुन्हा गोडं झालं. माड तरारले. जलपर्णीसुद्धा परतली, निळ्या फुलांसकट. चाफा तेवढा वाळला तो वाळलाच.

स्मरणदिनी शर्लीने आपल्या दारच्या चाफ्याची ओंजळभर फुलं पुढे केली. मार्सेलने घेतली नाहीत. त्याच्या एका हातात मेणबत्ती होती, दुसऱ्यात चाफ्याची वाळकी डहाळी.

"ही कशाला, काका? थडग्यावर काय काटक्या ठेवायच्या?"

"फुलं का नाहीत, विचारेल ना ती," मार्सेल म्हणाला. "आणि खोटं बोललो की तिला लगेच कळायचं."