हुहुईच्या डोंगरातल्या रोसाबाई

मागच्या आठवड्यात आमच्या अणदूरच्या घरात दोन दिवस कुणाला घास गोड लागला नाही. माझा धाकटा भाऊ संतोष अर्जेंटिनात, हुहुई नावाच्या डोंगराळ प्रांतात सोलर प्लांटवर कामाला आहे... आणि त्याचा फोन लागत नव्हता.

तिकडं सध्या पावसाळा. डोंगरावरून चिखलाचे लोट येतात, रस्तेच्या रस्ते गाडले जातात, हे त्यानंच सांगितलेलं. मी सारखी मोबाइलवर नकाशा मोठा करून बघायची... नुसते तपकिरी डोंगर, मध्येच मिठाचं पांढरंफेक मैदान. गाव काही दिसेना.

आई तर एका जागी बसतच नव्हती. अंगणात जायची, परत आत यायची. "तितं माणसं तरी हायत का गं?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती. दरड कोसळून गाडी अडकली, म्हणून संतोष चालत एका वस्तीवर पोचला होता. तिथल्या रोसाबाईंनी त्याला ठेवून घेतलं. मातीचं घर, बाहेर दगडी कुंपणात लामा, म्हणजे तिकडची लांब मानेची लोकरीची जनावरं... शाळेतलं इंटरनेट सुरू झालं तेव्हा कुठं त्याला फोन करता आला.

आई रडली, मग त्याच्यावर चिडली. मग म्हणाली, "त्या बाईला दाव."

उन्हानं रापलेला चेहरा, डोक्यावर हॅट, दोन लांब वेण्या... आणि हातात लोकर कातायची चाती. आम्ही धनगर. आईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ती फोनला नाक लावून बघायला लागली. "अगं, ही आपल्यावाणीच कातती की!"

मग हात जोडून म्हणाली, "बाई, माझ्या लेकराला घास दिलास, लई उपकार झाले बघ."

संतोषनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. रोसाबाईंची चाती थांबली. त्यांचा मुलगाही लांब कुठंतरी खाणीत कामाला आहे म्हणे... बरेच दिवस झाले, त्याची काही खबर नाही. त्यालाही कुणीतरी जेवू घालत असेल, एवढंच त्या म्हणाल्या.

रस्ता मोकळा झाला, संतोष कामावर पोचला. मला वाटलं, आता आई निवांत होईल. कसलं काय... रोज त्याचा फोन आला की आधी हेच, "त्या बाईच्या लेकाचा फोन आला का रं?"

अजून आलेला नाही. आई काल खंडोबाला जाऊन संतोषच्या नावानं बोललेला नारळ फोडून आली... आणि रोसाबाईंच्या लेकासाठी दुसरा बोलून आली.