स्लॅबला पडलेलं भोक

डॉक्टरांनी मला बजावलं होतं की फोडणीचा धूर आता छातीत जाता कामा नये, नाहीतर दमा पक्का. म्हणून ओट्यावर धूर ओढणारी इलेक्ट्रिक चिमणी आली. तिचा पाइप स्लॅबमधून वर छतावर काढायचा होता, आणि तिथेच आमच्या ह्यांचं घोडं अडलं. नानाखेड्याचं हे घर बांधलं तेव्हा ह्यांनी बँकेतून सुट्टी काढून एकवीस दिवस स्लॅबला स्वतः पाणी मारलं होतं. माझ्या बाळंतपणाला दोन दिवस मिळाले होते, ते सोडा.

ह्यांचं म्हणणं, पाइप माळ्यावरच सोडून द्यावा, धूर काय, तिथे आपोआप विरतो. माधवनगरहून आलेल्या मिस्त्रीने हात जोडले. शेवटी एकदाचं भोक पाडायचं ठरलं. ड्रिल चालू होतं तेवढा वेळ हे शेजारी उभे, जणू ह्यांचीच पाठ कोरली जात होती. वर पाइपला पत्र्याची टोपी बसली, कडेने सिमेंट भरलं, मिस्त्री चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मिरचीची फोडणी टाकली, तर धूर आधीपेक्षा जास्त. खोकून खोकून जीव अर्धा झाला. आठवडाभर हे मलाच शिकवत होते की मोहरी जास्त पडते, तेल जास्त तापतं. उभ्या जन्मात ह्यांनी कधी चहा केला नाही, पण तेल किती तापवावं ते ह्यांना बरोबर ठाऊक. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून मिस्त्रीलाच परत बोलावलं. तो वरून उतरला तो हातात तिरपालचा तुकडा आणि सुतळी घेऊनच.

"आंटीजी, पाइप का मुँह तो किसीने कसके बाँध रखा है."

हे एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. पावसाचं पाणी आत आलं असतं म्हणे, म्हणून मिस्त्री गेल्या गेल्या वर जाऊन टोपीसकट सगळं गुंडाळून आले होते.

माझं टाळकंच सटकलं. मिस्त्रीची पाठ वळल्यावर विचारलं, "आठवडाभर मी इथे खोकत होते, ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं की," हे अगदी सरळ मनाने म्हणाले. "तीस वर्षं येतंय. तू खोकलीस की समजतं, फोडणी पडली. मग मी हात धुऊन टेबलाशी येऊन बसतो."