पहिला ग्लास

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी चोरून ओढलेली बिडीही लपवत नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

फौजेत माझं काम पाण्याचं. नदी असो, डबकं असो — गाळायचं, औषध टाकायचं, तपासायचं, मग जवानांना द्यायचं. आमच्या तुकडीत एक रीत होती. पाणी ज्यानं शुद्ध केलं, पहिला ग्लास त्यानंच प्यायचा. सगळ्यांसमोर. मग रांग पुढे सरकायची. सोळा वर्षं प्यायलो, एकदाही पोट बिघडलं नाही. छाती फुगायची हो!

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रिटायर होऊन विरारला फ्लॅट घेतला. वाटलं, असलं काम येणाऱ्याला कोण नाही म्हणेल? पण जिथे जावं तिथे एकच — "फौजी ना? वॉचमन म्हणून या." दोन वर्षं एका गोडाऊनच्या गेटवर काढली. साहेबाच्या गाडीला सलाम ठोकून ठोकून जीव विटला. तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राणे पाठीशी उभे राहिले. टँकरशिवाय भागत नव्हतं त्या काळात. म्हणाले, "फौजी, टँकरचं पाणी तुम्ही बघा. शेजारच्या पाच बिल्डिंगांची माणसं राजी झाली, की काम कायमचं."

मी तीच रीत इथे सुरू केली. टाकीत ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबायचं, तपासायचं, मग खाली नळापाशी पहिला ग्लास. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण मी प्यायल्याशिवाय कुणी हंडा लावायचं नाही.

मे महिना होता. त्या दिवशी पाच बिल्डिंगांची माणसं माझं काम बघायला आलेली. मी पंपरूममध्ये तपासणीला बसलो. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते निळं व्हायला हवं. नाही झालं, तर जंतू मारायला त्यात क्लोरीन उरलेलं नाही, असं समजायचं.

निळं झालं नाही. पुन्हा केलं — नाही. मग पावडरच्या ड्रमकडे बघितलं. झाकण उघडं! आठवड्यापूर्वी मीच उघडं टाकलेलं. दमट हवेत पावडरीचा जोर पार गेला होता. नवा रंगरूटही करणार नाही अशी चूक.

बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं — माझी चूक झाली, आज पाणी उकळून घ्या. किती शब्द झाले हो? पण ती पाच बिल्डिंगांची माणसं... आणि पुन्हा ते गेट.

रांगेत राण्यांची मेघना होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. हसून म्हणाली, "काका, लवकर प्या ना, तहान लागलीय."

मी स्टीलचा ग्लास भरला. तोंडाला लावला. घसा हलवला. आणि उरलेलं म्हणून — सगळंच तुळशीत ओतलं. एक घोटही मी प्यायलो नाही. ऐकताय ना? एक घोटही नाही.

घरी मात्र बायकोला म्हणालो, "आज पाणी उकळून घे."

"का हो?"

"तुला खोकला आहे ना."

महिन्याभरात बिल्डिंगमध्ये कावीळ आली. बरेच जण उठले. मेघना उठली नाही. तिच्या पोटातलं बाळही गेलं. कावीळ दुसरीकडूनही आली असेल, असं मी मनाला कितीदा सांगितलं — पण मी मला ओळखतो.

तेराव्यानंतर मीटिंग झाली. कुणीतरी टँकरच्या पाण्याचं नाव काढलं. तर राणेच उठले. म्हणाले, "फौजींनी पहिला ग्लास माझ्यासमोर प्यायला. त्यांना काही झालं का? मग पाण्याला दोष देऊ नका."

विषय तिथेच मिटला. मीही मिटू दिला. माझं काम त्याच मीटिंगमध्ये कायम झालं.

पुढे अकरा वर्षं मी रोज पहिला ग्लास प्यायलो. खरंच प्यायलो. दुसरा ग्लास राणे घ्यायचे. प्यायच्या आधी माझ्याकडे बघून मान हलवायचे, आणि मीही हलवायचो.