पारासमोरची चप्पल

परवा सुनेला सोबत नेऊन कळंबच्या बाजारात तिला चामड्याची चप्पल घेतली. दुकानदारानं ती कागदातून काढली, तसा नव्या चामड्याचा उग्र वास आला आणि मी थेट गावच्या पारापाशी जाऊन पोचले.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. भर दुपारी मी आणि सासूबाई शेतातून घरी निघालो होतो. माझ्या पायात माहेरची करकरीत नवी चप्पल. गावातले पुरुष लिंबाच्या पारावर बसलेले असत आणि त्यांच्यासमोरून जाताना बायकांनी चपला हातात घ्यायच्या, अशी रीत होती. सासूबाईंनी घेतल्या. मला मात्र त्या तापल्या फुफाट्यात पाय भाजून घ्यायचं काही कारण दिसेना. मी तशीच चालत राहिले.

"सूनबाई, चप्पल पायातच हाय तुझ्या," पारावरचे एक आबा म्हणाले.

मी थांबले. "व्हय आबा. पाय भाजायलेत. तुमी बी चप्पल घालूनच आलाव की."

आता सासूबाई मला झापणार, असं वाटलं. त्यांनी हातातल्या चपला खाली टाकल्या, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत त्या पायात सरकवल्या.

"चल, भाकरी थापायच्यात," एवढंच म्हणाल्या.

कितीतरी वर्षं मी ती हिंमत माझी समजत होते. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, मी ती रीत कधी पाळलीच नव्हती. जन्मभर पाळलेली रीत मोडली ती त्यांनी.

दुकानदार चपला पिशवीत घालायला लागला.

"पिशवी ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "सूनबाई ती पायात घालूनच गावात येईल."