कोणता रंग, कोणत्या हालचालीला

माझ्या बायकोचा उजवा खांदा आखडला, तेव्हापासून तिची वेणी मी घालू लागलो. तिचा हात कानापर्यंतही जात नव्हता. नवरा बायकोची वेणी घालतोय हे गावात कुणी पाहिलं असतं तर चेष्टेला सीमा राहिली नसती, म्हणून मागच्या खोलीचं दार लोटून आम्ही बसायचो. ती पाटावर, मी तिच्यामागे खाटेवर. खिडकीबाहेर धुकं, धुक्यात अर्धा बुडालेला तिचा भाजीचा मांडव, आणि खोलीत खोबरेलाचा वास. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके जवळ, इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो. फणी केसांतून खाली यायची आणि मला वाटायचं, पाण्याखाली बसलोय, वरून कुणी हाक मारू नये.

मला जे सांगायचं आहे ते याच वाटण्यापासून सुरू होतं.

आमचं घर धसईच्या रस्त्याला. मी मुरबाडला एका कारखान्यात भांडार सांभाळतो. मांडव मात्र पूर्ण तिचा. भात घरात आलं की ती मांडवावर कारली आणि दुधी चढवते आणि धसईच्या बाजारात विकते. त्या चार-पाच महिन्यांत तिची चालही बदलते, मान ताठ होते. पण तोडा करायचा, म्हणजे वेलांवरची भाजी उतरवायची, तर दोन्ही हात डोक्यावर, तासन् तास. खांदा गेला तर मांडव गेला.

शहापूरच्या डॉक्टरांनी खांदा तपासून मुरबाडच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. तिथे काही आठवडे शेक आणि हलक्या हालचाली झाल्यावर त्या मुलीने रबराचे तीन लांब पट्टे दिले. पिवळा सगळ्यात सैल, लाल मधला, हिरवा कडक.

"काका, सगळ्या व्यायामांना एकच बँड नको," ती म्हणाली. "कोपर कुशीला लावून हात बाहेर फिरवायचा, तो स्नायू लहान असतो. त्याला पिवळा. दोन्ही हातांनी मागे ओढायचं तेव्हा पाठ काम करते, तिथे लाल, मग हिरवा. हात वर न्यायचा तेव्हा पुन्हा पिवळा. आणि खुर्चीतून उठबस करताना मांड्यांना हिरवा, तिथे हलक्याने काही होत नाही."

"बदलायचा कधी?"

"शेवटच्या दोन-तीन ओढी जड जायला हव्यात. पण खांदा कानाकडे चढला किंवा श्वास कोंडला, तर तो बँड जास्त झाला. शेवटपर्यंत सोपं गेलं तर पुढचा रंग."

घरी आल्यावर बायकोने पिवळा पट्टा दोन बोटांत धरून पाहिला. जन्मभर डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या आणलेली बाई ती. "ह्या रिबिनीनं काय व्हनार?" म्हणाली आणि हात बाहेर फिरवायला तिने सरळ हिरवाच घेतला. मीही अडवलं नाही. मलाही वाटलं, जितकं कडक तितकं लवकर बरं. दुसऱ्याच ओढीला ती कळवळून खाली बसली. पुढे कित्येक दिवस तिला भाकरीही थापता आली नाही.

तेव्हापासून पट्टे माझ्या ताब्यात आले. ती मांडवाच्या मेढीला, त्या लाकडी खांबाला, पट्टा अडकवून व्यायाम करायची, मी मोजायचो, कोणता रंग ते मी ठरवायचो. सगळ्या हालचालींना पिवळा; हात खांद्याच्या वर तर मी नेऊच देत नव्हतो. सुरुवातीला ती काळजीच होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग भात फुटायला लागलं, शेतावर तो दुधाळ वास पसरला आणि ती पिवळा पट्टा बोलत बोलत ओढायला लागली. मोजणं संपलं तरी हात चालूच. श्वास संथ, खांदा खाली. मला दिसत होतं. मी म्हणायचो, "अजून थोडे दिवस हाच." ती मान हलवायची. मुरबाडला त्या मुलीने विचारलं, "पिवळा अजून जड जातो?" बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "जातो." तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, मोजणाऱ्याला जास्त कळत असेल.

कारण एवढंच होतं की हात वर गेला असता तर ती फणी तिने घेतली असती.

असं स्पष्ट तेव्हा मी स्वतःलाही सांगत नव्हतो. सकाळ व्हायची, धुकं यायचं, मी खाटेवर जाऊन बसायचो. बस.

आमच्या थोरल्या वहिनीला मात्र वेणीचा पत्ता लागलाच. एकदा दार ढकलून आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो, आज येक वेनी का दोन? शालेत धाडतोय का तुला?"

"वयनी, जा ना," बायको लाजून म्हणाली.

"भावजी, मलापन घाला की येक. तुमचे भाऊ तर टकलाला तेल चोळीत बसलेत."

आम्ही तिघेही हसलो. त्या हसण्यात मला किती सुरक्षित वाटलं होतं.

भातकापणी उरकली. मी मांडवाची सैल झालेली तार आवळत होतो. वहिनी पलीकडे पेंढा रचत होती. बायको तिच्याजवळ गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "वयनी, औंदा मांडव तुमी घ्या."

वहिनीच्या हातातला पेंढा तसाच राहिला. "आन तू गो?"

"माजा हात नाय येत वर. येवडे दिस वडतेय, पन ती पिवलीच नाय सुटत. मेला असंल आतून."

मी तार धरून उभा होतो. पट्ट्याचा रंग बदलत नाही, याचा अर्थ आपला हात बरा होत नाही, असा तिने साधा हिशेब लावला होता. आणि रंग मी बदलत नव्हतो.

मी घरात जाऊन लाल आणि हिरवा घेऊन आलो. लाल मेढीला अडकवून तिच्यासमोर धरला.

"आजून नाय म्हनत व्हतात ना?"

"घे तर."

तिने कोपर कुशीला लावलं आणि घाबरत ओढलं. हात दारासारखा अलगद बाहेर उघडला. शेवटच्या दोन ओढी जड गेल्या, पण खांदा चढला नाही. मागे ओढायला हिरवा दिला, तोही आला. मग पहिल्यांदाच हात वर न्यायला पिवळा. तिचा हात मेढीच्या कडेकडेने वर सरकत गेला, कानापलीकडे गेला, आणि बोटं तारेला लागली. उतरतं ऊन त्या बोटांवर होतं. ती तशीच उभी राहिली, वर बघत, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, वेणीसकट.

"कवापासून?" तिने हात खाली न घेता विचारलं.

"भात फुटत होतं तेव्हापासून."

"आन मी समजत व्हते हात मेला माजा." मग हात खाली आला. "अवो, आवडत व्हतं तर बोलायचं. तोंड हाय ना? हाताला कशाला बांधून ठेवलात?"

मी तिन्ही पट्टे तिच्या हातात दिले. ती वहिनीकडे जाऊन म्हणाली, मांडव माझाच. वहिनी म्हणाली, "बरं झालं गो, मला कुटं जमतंय ते!" मुरबाडच्या मुलीसमोर मी माझं खोटं स्वतः कबूल केलं. ती पुढचं सगळं बायकोकडे वळून सांगू लागली.

आता पट्टे तिच्याकडे असतात. रंग ती काढते, मी मोजतो. सकाळी ती केस स्वतःच विंचरते. मध्ये हात दमतो, ती तो खाली घेते, पुन्हा वर नेते. मी चहा ठेवतो.

परवा धीर करून विचारलं, "रविवारी तरी घालू का वेणी?"

"रविवारी तोडा हाय," ती म्हणाली.

रविवारी मी भाजीची पाटी घेऊन तिच्यामागे मांडवात गेलो.